रॅलीची मोटार, रॅलीक्रॉसचे मैदान

प्रत्येक यंत्र विशिष्ट कामासाठी घडविलेले असते, आणि ते काम बदलले की त्याच यंत्राचे गुण पुष्कळदा दोष ठरतात व दोष निरुपद्रवी होतात. विहिरीवरचा पंप आगीच्या बंबावर बसविला, तर तो पाणी खेचील. पण ते हव्या त्या उंचीवर फेकील असे मात्र नाही. एका कामासाठी बांधलेले यंत्र दुसऱ्या कामास लावताना काय ठेवावे, काय काढावे व काय नव्याने जोडावे, हा अभियंत्यापुढे वारंवार येणारा प्रश्न आहे. ह्या पुस्तिकेत तो एका ठळक उदाहरणाच्या आधारे समजून घ्यावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे १९८६ नंतर रॅलीच्या शर्यतीतून बाद झालेल्या आणि पुढे रॅलीक्रॉसच्या मैदानावर उतरविण्यात आलेल्या शक्तिमान मोटारी होत. त्यांतही एमजी मेट्रो ६ आर ४ ह्या इंग्रजी मोटारीचा आपण विशेष विचार करू.

दोन शर्यती, दोन निराळी कामे

रॅली ही वेळेशी केलेली शर्यत आहे. मोटारी ठराविक अंतराने एकामागून एक सोडल्या जातात. जंगलातील कच्चे रस्ते, डोंगरातील वळणे, बर्फ, चिखल आणि डांबर अशा विविध पृष्ठांवरून त्यांना कित्येक दिवस धावावे लागते. चालकाशेजारी सहचालक बसतो व टिपणवहीत आधी नोंदलेली वळणे मोठ्याने वाचून दाखवितो. प्रतिस्पर्धी बहुधा दृष्टीसही पडत नाही. जिंकणे म्हणजे सर्व टप्प्यांतील वेळांची बेरीज सर्वांत कमी असणे. म्हणून रॅलीच्या मोटारीत टिकाऊपणा हा वेगाइतकाच महत्त्वाचा गुण होय.

रॅलीक्रॉसचा जन्म ४ फेब्रुवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात, लिडन हिल येथील मैदानावर झाला. रॅलीतील मोटारी एकाच ठिकाणी, प्रेक्षकांसमोर आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर धावाव्यात ही त्यामागील कल्पना होती. ती पहिली शर्यत विक एलफर्ड ह्या चालकाने पोर्श ९११ मोटारीत जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडातील गुराढोरांत लाळ-खुरकताची साथ पसरली. तिच्यामुळे गावोगावच्या रस्त्यांवरून जाणारी आरएसी रॅली रद्द करावी लागली. शेतांपासून दूर, बंदिस्त मैदानावर होणाऱ्या ह्या नव्या खेळाची सोय अशा वेळी लोकांच्या अधिकच ध्यानात आली.

रॅलीक्रॉसमध्ये चार-पाच किंवा त्याहून अधिक मोटारी एकाच रेषेतून एकदम सुटतात. धावपट्टी सामान्यतः एक किलोमीटरच्या आसपास असते. तिचा काही भाग डांबरी व काही भाग खडी-मातीचा असतो. चार ते सहा फेऱ्यांत, म्हणजे थोड्याच मिनिटांत, निकाल लागतो. पहिल्या वळणावर जो पुढे पोहोचतो, त्याला पुढचा रस्ता मोकळा मिळतो. मागे राहिलेल्यांच्या काचेवर त्याच्या चाकांनी उडविलेला चिखल येऊन आदळतो. सहचालक नसतो, टिपणवही नसते, आणि रात्रीचा प्रवासही नसतो.

एवढ्या तुलनेवरूनच पुढील सर्व फेरफारांची दिशा स्पष्ट होते. रॅलीची मोटार दीर्घ श्रमासाठी बांधलेली असते, तर रॅलीक्रॉसची मोटार क्षणिक पण अतिशय तीव्र श्रमासाठी बांधावी लागते.

‘ब’ गटाचा उदय व अस्त

१९८२ साली आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा नियमांत ‘ब’ गट अंमलात आला. ह्या गटात मान्यता मिळविण्यासाठी कारखान्याने एका नमुन्याच्या केवळ २०० मोटारी तयार करणे पुरेसे होते. त्यानंतर सुधारलेल्या आवृत्तीच्या आणखी २० मोटारी बांधून तीही शर्यतीत आणता येत असे. संख्येची अट इतकी सैल असल्यामुळे बाजारात विकावयाच्या मोटारीचा विचार बाजूस ठेवून केवळ शर्यतीसाठी नवी यंत्रे घडविणे कारखान्यांस शक्य झाले. प्यूजो २०५ टी १६, लान्सिया डेल्टा एस ४, फोर्ड आरएस २०० आणि मेट्रो ६ आर ४ ही त्या काळाची अपत्ये होत. ह्या चौघींतही एंजिन चालकाच्या पाठीमागे होते व शक्ती चारही चाकांस जात होती.

नियमांतील एका तरतुदीने ह्या मोटारींच्या एंजिनांचे आकारमान कसे ठरविले, हे पाहण्यासारखे आहे. टर्बोचार्जर बसविलेल्या एंजिनाची घनक्षमता १.४ ने गुणून मोजली जाई, आणि येणाऱ्या संख्येवरून मोटारीचा वर्ग व तिचे किमान वजन ठरे. प्यूजोचे एंजिन १७७५ घन सेंटिमीटरचे होते. त्यास १.४ ने गुणले की २४८५ येतात, म्हणजे २५०० च्या मर्यादेच्या किंचित आत. फोर्डचे एंजिन १८०३ घन सेंटिमीटरचे होते. त्याचा गुणाकार २५२४ येतो, म्हणजे तीच मर्यादा थोडक्यात ओलांडली जाते. त्यामुळे फोर्डला वरच्या, अधिक वजनाच्या वर्गात उतरावे लागले. पुढे सुधारित आवृत्तीसाठी तेथील अभियंत्यांनी २१३७ घन सेंटिमीटरचे एंजिन निवडले. त्याचा गुणाकार २९९२, म्हणजे ३००० च्या आत बसणारा. यंत्राचा आकार नेहमी केवळ पदार्थविज्ञानच ठरविते असे नाही. कधी कधी तो नियमपुस्तकातील एका गुणकाने ठरतो.

परंतु ह्या मोटारींचा वेग ज्या रस्त्यांवर वापरला जात होता, ते रस्ते मोकळे होते. प्रेक्षक अगदी कडेला, कधी तर रस्त्यातच उभे राहत. ५ मार्च १९८६ रोजी पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड आरएस २०० गर्दीत शिरली व तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तीसहून अधिक लोक जखमी झाले. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावरील रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो ह्यांची लान्सिया दरीच्या बाजूस कोसळून पेटली व दोघेही मरण पावले. ह्यानंतर लवकरच आंतरराष्ट्रीय नियामक मंडळाने १९८७ पासून ह्या गटास जागतिक रॅली स्पर्धेत बंदी घोषित केली.

अशा रीतीने कोट्यवधींचा खर्च करून घडविलेली यंत्रे ऐन तारुण्यात निवृत्त झाली. मेट्रो ६ आर ४ ला तर १ नोव्हेंबर १९८५ रोजीच मान्यता मिळाली होती. तिच्या वाट्याला जेमतेम सव्वा वर्षाचे आयुष्य आले. परंतु १९८७ ते १९९२ ह्या काळात युरोपीय रॅलीक्रॉस स्पर्धेच्या वरच्या विभागात ‘ब’ गटाच्या मोटारींस प्रवेश होता. तेथे प्रेक्षक कठड्यांमागे असत, वैद्यकीय पथक व अग्निशामक हाकेच्या अंतरावर असत, आणि चालकास प्रत्येक वळण फेरीगणिक पाठ होत जाई. म्हणून जे यंत्र मोकळ्या रस्त्यावर असह्य धोक्याचे ठरले, त्याच यंत्रास बंदिस्त मैदानावर जागा मिळाली.

मेट्रो ६ आर ४ ची मूळ रचना

नावातील ‘६’ हा आकडा सहा सिलिंडरांचा, ‘आर’ हे अक्षर रॅलीचे आणि ‘४’ हा आकडा चार चालक-चाकांचा द्योतक आहे. ऑस्टिन रोव्हर कंपनीने ही मोटार तयार केली. आरंभीच्या विकासकामात विल्यम्स ह्या ग्रांप्री शर्यतींतील संस्थेचे साहाय्य घेण्यात आले होते. बाहेरून ती लहानशा मेट्रो मोटारीसारखी दिसे, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा व पाठीमागे खास बनविलेले २९९१ घन सेंटिमीटरचे व्ही-आकाराचे एंजिन होते. एंजिन उलट्या दिशेने, म्हणजे त्याचे नेहमीचे पुढचे टोक मोटारीच्या मागील दाराकडे करून बसविलेले होते. गिअरपेटी त्यापुढे, मोटारीच्या मध्यभागी येत असे. तेथून शक्तीचे वाटप पुढील चाकांस सुमारे ३५ टक्के व मागील चाकांस ६५ टक्के असे होई.

तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी टर्बोचार्जर वापरले असताना मेट्रोच्या आखणीकारांनी तो मुद्दाम टाळला होता. टर्बोचार्जर हा एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर फिरणारा पंखा असतो. तो दुसऱ्या पंख्याच्या साहाय्याने अधिक हवा एंजिनात कोंबतो. अधिक हवा म्हणजे अधिक इंधनाचे ज्वलन, व म्हणून अधिक शक्ती. परंतु चालकाने पाय दाबल्यापासून पंखा पुरेशा वेगाने फिरू लागेपर्यंत काही क्षण जातात. जंगलातील अनोळखी वळणावर हा विलंब चालकास अडचणीत टाकतो. टर्बोरहित एंजिन मात्र पायाच्या आज्ञेस तत्काळ उत्तर देते. मेट्रोच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीची शक्ती ४०० अश्वशक्तीच्या आसपास होती. नोव्हेंबर १९८५ च्या आरएसी रॅलीत टोनी पाँड ह्या चालकाने ह्या मोटारीत तिसरा क्रमांक मिळविला, तेव्हा हा निर्णय अगदीच चुकीचा नव्हता हे दिसून आले.

पहिली पायरी : काय काढून टाकावे

मोटार रॅलीक्रॉससाठी तयार करताना पहिले काम वजा करण्याचे असते. सहचालकाची आता गरज नाही. तो स्वतः, त्याचे आसन, पट्टे व उपकरणे मिळून शंभर किलोग्रॅमच्या आसपास भार उतरतो. जादा चाक, जॅक, हत्यारे आणि पुढील प्रखर दिव्यांची माळ ही सर्व सामग्री अनावश्यक ठरते. इंधनाची मोठी टाकीही नको. पेट्रोलच्या एका लिटरचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम असते. तेव्हा १०० लिटरांऐवजी २० लिटर इंधन वाहिले, तर ६० किलोग्रॅमांची बचत होते. शिवाय अपघातात पेटू शकणारे द्रव्यही त्याच प्रमाणात घटते. कॉर्सिकातील दुर्घटना ज्यांच्या स्मरणात होती, त्यांच्या दृष्टीने ही दुसरी बचत पहिलीपेक्षा मोलाची होती.

येथे एक शंका येईल. नियमांनी किमान वजन ठरवून दिले असता मोटार त्याहून हलकी करून काय साधते? ह्याचे उत्तर असे, की कमी झालेले वजन पुन्हा भरून काढताना ते आपल्याला हव्या त्या जागी ठेवता येते. शिशाचा किंवा पोलादाचा पत्रा तळाशी, मोटारीच्या मध्याजवळ बसविला म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो आणि मोटार वळणावर कमी कलते. वजन तेवढेच राहते, पण त्याची जागा अधिक उपयोगी होते.

दुसरी पायरी : शक्ती किती असावी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जी शक्ती रॅलीस पुरेशी होती, ती रॅलीक्रॉसला का पुरू नये? ह्याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते.

मोटारीचा वेग वाढविणारे बल शेवटी टायर आणि जमीन ह्यांमधील घर्षणातूनच मिळते. एंजिन कितीही बलवान असले तरी घर्षणाच्या मर्यादेपलीकडे चाक केवळ जागच्या जागी घसरते. चालकासह ११०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार घ्या. तिची चारही चाके शक्तीने फिरतात, म्हणून तिचा सगळा भार घर्षणाच्या उपयोगी पडतो. डांबरावर घर्षणांक १ धरला, तर मिळणारे कमाल बल ११०० × ९.८, म्हणजे १०,७८० न्यूटन होते.

शक्ती म्हणजे बल व वेग ह्यांचा गुणाकार. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २७.८ मीटर ह्या वेगास एवढे बल टिकवून धरण्यासाठी सुमारे ३०० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ४०० अश्वशक्ती लागते. ह्याचा अर्थ असा, की मूळ मेट्रोचे एंजिन डांबरावर सुमारे ताशी १०० किलोमीटरपर्यंत टायरांची सर्व पकड वापरू शकते. त्यापुढे टायर अधिक बल पेलण्यास तयार असतात, पण एंजिनाजवळ ते देण्यास उरत नाही. ताशी १६० किलोमीटरपर्यंत तीच पकड वापरावयाची, तर सुमारे ६४० अश्वशक्ती हवी.

हेच गणित खडीच्या रस्त्यावर करून पाहा. तेथे घर्षणांक ०.६ धरला, तर पकडीचे बल त्याच प्रमाणात घटते आणि ४०० अश्वशक्तीचे एंजिन ताशी १६५ किलोमीटरच्या पुढेपर्यंत पुरेसे पडते. जंगलातील अरुंद वाटेवर त्याहून अधिक वेगाची संधी क्वचितच येते. म्हणून रॅलीत जी शक्ती पुष्कळ होती, तीच रॅलीक्रॉसच्या डांबरी आरंभरेषेवर अपुरी ठरली. हवेचा विरोध व यंत्रांतर्गत घर्षण आपण येथे जमेस धरलेले नाही. ते धरल्यास आवश्यक शक्तीचा आकडा आणखी वाढेल.

तिसरी पायरी : टर्बोचार्जर आणि त्याचे परिणाम

शक्तीची ही निकड भागविण्यासाठी इंग्रज चालक विल गॉलप ह्याच्या मेट्रोवर जो उपाय योजण्यात आला, तो मूळ आखणीकारांच्या निर्णयाच्या नेमका उलट होता. एंजिनाची घनक्षमता सुमारे २.३ लिटरपर्यंत घटविण्यात आली व त्यावर दोन टर्बोचार्जर बसविण्यात आले. शक्ती ७०० अश्वशक्तीच्या घरात गेल्याचे सांगितले जाते.

एकाऐवजी दोन टर्बोचार्जर का? व्ही-आकाराच्या एंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेचा धूर तिच्या जवळच्याच पंख्यात सोडता आला म्हणजे नळ्या आखूड राहतात. शिवाय एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन लहान पंख्यांचे फिरण्यातील जडत्व कमी असते. म्हणून ते लवकर वेग घेतात आणि विलंब घटतो. विलंब पूर्णपणे नाहीसा होत नाही, परंतु रॅलीक्रॉसमध्ये तो सुसह्य होतो. कारण येथे वळणे पाठ झालेली असतात व चालक आवश्यक क्षणाच्या थोडे आधीच पाय दाबू शकतो. सुटण्यापूर्वीही तो एंजिन वेगात ठेवून पंखे फिरते ठेवतो. ही दक्षता न घेतली तर काय होते? अर्धा सेकंद उशीर झाला, तर ताशी ९० किलोमीटरच्या वेगास साडेबारा मीटर अंतर हातचे जाते. ते तीन मोटारींच्या लांबीहून अधिक आहे, आणि पहिल्या वळणापूर्वी ते भरून काढण्यास जागा नसते.

टर्बोचार्जर बसविला की काम संपत नाही. खरे तर तेथून ते सुरू होते. हवा दाबली की ती तापते. २७ अंश सेल्सियसची हवा आदर्श स्थितीत दुप्पट दाबास आणली, तरी तिचे तापमान ९० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात ते आणखी वाढते. तप्त हवा विरळ असते आणि ती सिलिंडरात अवेळी ज्वलन घडवून आणते. त्यामुळे एंजिनात ठोके बसतात व पिस्टन फुटण्याचा संभव असतो. म्हणून दाबलेली हवा एंजिनात शिरण्यापूर्वी थंड करणारे जाळीदार उपकरण बसवावे लागते. सिलिंडरातील दाबाचे प्रमाणही कमी करावे लागते. एंजिनातून अधिक मरोड येऊ लागला, की क्लच, गिअरपेटीतील दाते आणि चाकांस जोडणारे दांडे मजबूत करावे लागतात. मजबुती म्हणजे वजन, व वजन वाढले की स्प्रिंगांचा पुन्हा विचार करावा लागतो. यंत्राचा एक भाग बदलणे म्हणजे त्याच्या सर्व शेजाऱ्यांशी नव्याने तडजोड करणे होय.

येथे टिकाऊपणाचा अर्थही बदलतो. रॅलीत गिअरपेटीस शेकडो किलोमीटर मध्यम भार सोसावा लागतो. रॅलीक्रॉसमध्ये तिला काही मिनिटेच धावावयाचे असते. परंतु सुटण्याच्या क्षणी चारही चाके डांबरास घट्ट धरून असताना सर्व मरोड एकदम तिच्यावर येतो. पहिला भार हळूहळू झिजविणारा असतो, तर दुसरा एका फटक्यात मोडणारा असतो. दोहोंसाठी लागणारी काळजी सारखी नाही.

चौथी पायरी : चाके, स्प्रिंगा आणि शक्तीचे वाटप

मोटार जोराने पुढे सुटते तेव्हा तिचा भार मागील चाकांवर सरकतो. सरकणाऱ्या भाराचे प्रमाण गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ह्यांवर अवलंबून असते. उंची ०.४५ मीटर व अंतर २.४ मीटर धरले, तर पकडीच्या कमाल मर्यादेने सुटताना सुमारे १९ टक्के भार मागे जातो. स्थिर असताना भार निम्मा-निम्मा असेल, तर सुटताना तो पुढे ३१ व मागे ६९ टक्के असा होईल. शक्तीचे वाटप मागील चाकांस अधिक का द्यावे लागते, हे ह्यावरून समजेल. ज्या चाकावर भार अधिक, त्यालाच अधिक बल पेलता येते.

रॅलीसाठी मोटार उंच व तिच्या स्प्रिंगांची हालचाल लांब ठेवलेली असते, कारण रस्त्यात कोठे खड्डा वा दगड येईल ह्याचा नेम नसतो. रॅलीक्रॉसच्या मैदानातील प्रत्येक उंचवटा ठाऊक असतो. म्हणून मोटार थोडी खाली आणता येते व स्प्रिंगा कडक करता येतात. परंतु पूर्णपणे डांबरी शर्यतीच्या मोटारीइतके खाली जाऊन चालत नाही. खडीच्या भागात खळगे पडतात, काही ठिकाणी मोटार हवेत उडते, आणि शेजाऱ्याचा धक्का बसून कडेच्या मातीत उतरण्याची वेळही येते. टायरांचेही तसेच आहे. एकाच फेरीत डांबर व खडी दोन्ही असल्याने कोणताही टायर दोन्हींवर सर्वोत्तम ठरू शकत नाही. मैदान कोरडे की ओले हे पाहून टायरांवर हाताने खाचा कापल्या जातात. किती कापाव्यात हे ठरविण्यास गणितापेक्षा अनुभवच अधिक कामी येतो.

पाचवी पायरी : चिखल, उष्णता आणि माणूस

पुढील मोटारीच्या चाकांतून येणारा चिखल व खडे समोरच्या पाणी थंड करणाऱ्या जाळीत भरतात, आणि गर्दीतील धक्क्याने ती फुटण्याचाही संभव असतो. म्हणून रॅलीक्रॉसच्या मोटारींत ही जाळी मागील बाजूस हलविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. शर्यत थोड्या मिनिटांची असल्यामुळे एंजिनास दिवसभर थंड ठेवण्याची चिंता नसते. दोन फेऱ्यांच्या गटांमध्ये मिळणारा वेळ त्याला निवण्यास पुरतो. बाजूच्या काचांऐवजी न फुटणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा वापरतात. समोरची काच पुसणारे पाते व पाण्याचा फवारा मात्र कधीही काढीत नाहीत. वजन वाचविण्याच्या नादात दृष्टी गमावणे परवडणारे नसते.

चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा हा सर्वांत शेवटी बदलावयाचा नसून सर्वांत आधी तपासावयाचा भाग आहे. रॅलीत धोका झाडाचा, दरीचा व उलटण्याचा असतो. रॅलीक्रॉसमध्ये त्यात बाजूने येऊन आदळणाऱ्या दुसऱ्या मोटारीची भर पडते. म्हणून दाराच्या बाजूच्या नळ्या अधिक सशक्त असाव्या लागतात. जुन्या मोटारीत हे विशेष महत्त्वाचे आहे. कित्येक शर्यतींचे धक्के सोसलेल्या सांधकामात डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. शक्ती दुप्पट करण्यापूर्वी तो जुना सांगाडा ती पेलील काय, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. बंदिस्त मैदानावर प्रेक्षक सुरक्षित असतील, पण चालकाचा देह तोच आणि तेवढाच नाजूक असतो.

परिश्रमांचे फळ

ह्या प्रयोगांचे फळ काय मिळाले? १९८७ साली फिनलंडचा सेप्पो निट्टीमाकी आणि त्यानंतर १९८८, १९८९ व १९९० अशी सलग तीन वर्षे त्याचा देशबांधव मात्ती आलामाकी हे प्यूजो २०५ टी १६ मोटारीत युरोपीय रॅलीक्रॉसच्या वरच्या विभागाचे विजेते ठरले. १९९१ साली नॉर्वेच्या मार्टिन शांके ह्याने फोर्ड आरएस २०० मध्ये हा मान मिळविला. पाच वर्षांपूर्वी पोर्तुगालमधील दुर्घटनेमुळे जिच्या नावास काळिमा लागला होता, तीच ही जात होय. आणि १९९२ साली, ‘ब’ गटास मिळालेल्या सवलतीच्या अखेरच्या वर्षी, विल गॉलपच्या दोन टर्बोचार्जरांच्या मेट्रोने विजेतेपद पटकावले. जागतिक रॅली स्पर्धेत ह्या मोटारीला एकदाही पहिला क्रमांक मिळालेला नव्हता.

मेट्रोच्या एंजिनाची कथा येथेच थांबत नाही. कारखान्याने रॅलीतून अंग काढून घेतल्यावर त्या एंजिनाचे हक्क टॉम वॉकिनशॉ ह्यांच्या संस्थेने घेतले. त्याच आखणीवर आधारलेले, दोन टर्बोचार्जर असलेले साडेतीन लिटरचे एंजिन पुढे जॅग्वार एक्सजे २२० ह्या अतिवेगवान मोटारीत बसविण्यात आले. टर्बोचार्जर टाळण्यासाठी निर्माण केलेल्या एंजिनास दोन निराळ्या ठिकाणी दोन-दोन टर्बोचार्जरांसह यश लाभावे, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे. ह्यावरून मूळ आखणीकारांचा निर्णय चुकला होता असे म्हणता येत नाही. त्यांनी जंगलातील वाटेसाठी विचार केला होता व त्या वाटेसाठी तो विचार योग्य होता. वाट बदलली, म्हणून उत्तरही बदलले.

ह्या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. ‘ब’ गटाच्या मोटारी प्रत्येक जातीच्या दोनशेच्या आसपासच बांधल्या गेल्या. त्यांतील ज्या रॅलीक्रॉससाठी कापल्या-जोडल्या गेल्या, त्यांचे मूळ रूप त्याबरोबर हरपले. त्या वेळी त्या केवळ बाद झालेल्या मोटारी होत्या. आज त्या इतिहासाच्या वस्तू झाल्या आहेत, आणि काहींना मोठ्या कष्टाने पूर्वरूपात आणण्यात आले आहे. म्हणून आजचा दक्ष कारागीर जुने यंत्र बदलण्यापूर्वी त्याची छायाचित्रे व मापे घेतो, काढलेले भाग खूण करून जपतो, आणि शक्य तेथे कापण्याऐवजी बोल्टने जोडतो. आज जे निरुपयोगी वाटते, त्याची उद्या कोणास गरज भासेल हे आजच्या माणसास सांगता येत नाही.

एका यंत्रास दुसऱ्या कामासाठी सिद्ध करण्याचा क्रम ह्या उदाहरणावरून असा दिसतो. प्रथम नवे काम नीट समजून घ्यावे. मग जे नको ते काढावे. नंतर जे अपुरे आहे ते मोजून ठरवावे, नुसत्या अंदाजाने नव्हे. एक भाग बदलताना त्याच्या शेजारच्या प्रत्येक भागाची चौकशी करावी. आणि ह्या सर्वांआधी, त्या यंत्रात बसणाऱ्या व त्याच्या आसपास उभ्या राहणाऱ्या माणसांचा विचार करावा. १९८६ साली वेगाचा हिशेब चोख होता, पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचा हिशेब राहून गेला होता.